कपारीत माणूस कधी राहिला?

नांदेड-लातूरकडच्या माणसाला गुहा म्हटलं की माहूरची पांडवलेणी आठवतात, नाहीतर औसा तालुक्यातलं खरोसा. ही दोन्ही ठिकाणं माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेली आणि ऐतिहासिक काळातली. खरोसा तर जांभ्या दगडात कोरलेलं आहे. त्याच्या कितीतरी आधी, शेती, मडकं, धातू यांतलं काहीच नव्हतं तेव्हा, माणूस पावसापासून आणि श्वापदांपासून आडोसा शोधायचा तो निसर्गानं घडवलेल्या कपारीखाली. पुरातत्त्वाच्या भाषेत अशा जागेला शैलाश्रय म्हणतात. मध्य प्रदेशातलं भीमबेटका हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. 1957 मध्ये रेल्वेनं जाताना विष्णू श्रीधर वाकणकरांना तिथले खडक दिसले आणि तो सगळा परिसर अभ्यासकांपुढे आला.

मराठवाड्यात असे शैलाश्रय कमी का, याचं उत्तर पायाखाली आहे. लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचत गेले आणि हा प्रदेश तयार झाला. कठीण थराखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजला की कपार तयार होते. सौताड्यासारख्या धबधब्याच्या दरीत अशी झीज डोळ्यांना दिसते. पण वरच्या कठीण पाषाणाला उभ्या चिरा असतात. खालचा आधार गेला की तो सुटा होऊन कोसळतो आणि कपार बुजते. विंध्य-सातपुड्यातल्या वालुकाश्माचे आडोसे जसे हजारो वर्षं टिकून राहतात, तसे इथे टिकत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात शैलाश्रय शोधायचे तर अमरावतीच्या उत्तरेला सातपुड्याच्या हद्दीवर जावं लागतं. तिथली चित्रं असलेली धारूळ परिसरातली ठिकाणं 2007 मध्ये डॉ. व्ही. टी. इंगोले आणि त्यांच्या अमरावतीच्या मित्रांनी उजेडात आणली. कोकणात गुहागर तालुक्यातल्या सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना दगडी हत्यारं मिळाली.

नांदेडच्या पूर्वेला मात्र जमीन बदलते. देगलूर, बिलोली, मुखेड या पट्ट्यात बेसाल्टची चादर संपते आणि खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. गोलसर, अवाढव्य शिळा एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या खाली पोकळ जागा असतात. या शिळांखालच्या मातीकडे अभ्यासकांनी बारकाईनं पाहायला हवं, असं मला फार वाटतं.

समजा, अशाच एखाद्या शिळेखाली, किंवा लातूरजवळ मांजरेच्या दरडीत, गारगोटीचं दगडी पातं सापडलं. ते किती जुनं, हे कसं सांगायचं?

पहिली गोष्ट ही की त्या पात्यावरून थेट काही सांगता येत नाही. गारगोटी लाव्ह्याच्या पोकळीत तयार झाली त्याला कोट्यवधी वर्षं झाली. माणसानं तिच्यावर घाव घालून कपची काढली, तो क्षण दगडात कुठेही नोंदला जात नाही. (त्या दगडाला विस्तव लागला असेल तर गोष्ट वेगळी, त्याकडे पुढे येऊ.) पात्याच्या घडणीवरून अंदाज येतो. हातकुऱ्हाडी जुन्या, नखाएवढी सूक्ष्मास्त्रं त्यांच्या मानानं अलीकडची, एवढं जाणकार लगेच सांगतात. पण घडणीवरून वय म्हणजे ढोबळ क्रम. त्यात वर्षं नसतात.

म्हणून प्रयोगशाळेत जातं ते पात्याच्या आजूबाजूचं काहीतरी: कोळसा, शिंपला, हाड, वाळूचे कण, ज्वालामुखीची राख, चुन्याचं पुट. यातल्या प्रत्येकाचं वय म्हणजे एका ठरावीक घटनेपासून लोटलेला काळ. झाड मेलं ती घटना, वाळूच्या कणानं शेवटचं ऊन पाहिलं ती घटना, दगड तापला ती घटना, राख पडली ती घटना. प्रयोगशाळा त्या घटनेची तारीख देते. ती घटना आणि माणसाचा तिथला मुक्काम एकाच वेळचे होते, हे प्रयोगशाळेला माहीत नसतं. ते खोदणाऱ्यानं मातीवरून सिद्ध करायचं असतं. आदिमानवाच्या तारखांवरून जगात जेवढे वाद झाले, त्यांतले बहुतेक यंत्राच्या आकड्यावरून झालेले नाहीत, या जोडणीवरून झालेले आहेत.

त्यामुळे कामाची सुरुवात खड्ड्यापासून होते. शैलाश्रयाच्या जमिनीवर दोऱ्यांनी चौकोन आखतात. फावडं-कुदळ जवळजवळ बाजूला राहते आणि खुरपी, करणी, ब्रश यांनी दोन-पाच सेंटिमीटरचा एकेक पापुद्रा उतरवतात. माती चाळतात. प्रत्येक वस्तू कुठे, किती खोल, कोणत्या थरात होती हे मोजून लिहितात. खड्ड्याची उभी भिंत घासून स्वच्छ केली की थर दिसतात: छताचे कोसळलेले तुकडे, वाऱ्यानं आणलेली धूळ, चुलीची काळपट राख, पुराचा गाळ. भीमबेटक्याच्या ‘तीन एफ-23’ या आश्रयात वि. ना. मिश्र यांनी 1970 च्या दशकात असं उत्खनन केलं. तिथे तळाला हातकुऱ्हाडींचे थर होते, त्यावर मध्य आणि उत्तर पुराश्मयुगाचे, आणि सगळ्यात वर सूक्ष्मास्त्रांचे. एकाच छताखाली माणूस पुन:पुन्हा राहायला आल्याचा हा सलग पुरावा आहे.

खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियम सोपा वाटतो. पण घूस बिळं करते, साळिंदर उकरतं, वाळवी कण वर आणते, माणूसच चुलीसाठी खड्डा घेतो. आणि मराठवाड्यात या सगळ्यांपेक्षा मोठी अडचण आहे काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात लातूरकडच्या रानात हात घालावा तर खांद्यापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. वरचा कोळसा, खापरीचा तुकडा, गारगोटीची कपची त्या भेगेतून खाली जाते. पहिल्या पावसाला भेग मिटते आणि वस्तू खालच्या थरात जाऊन बसते. हजारो उन्हाळे हे चाललेलं आहे. तेव्हा काळ्या मातीत दोन मीटर खोल सापडलेला कोळसा दोन मीटर खोलीइतकाच जुना आहे असं धरून चालणं धोक्याचं. भेगांच्या बाजूंवर माती घासली गेल्यानं चकचकीत झिलई येते. अनुभवी भूशास्त्रज्ञ थराकडे पाहताना आधी ती झिलई शोधतो आणि नमुना घ्यायचा की नाही ते मग ठरवतो. पिवळसर गाळात, जिथे चुनखडीचे खडे थरानं बसलेले असतात आणि मोडलेले नसतात, तिथला पुरावा जास्त भरवशाचा.

कोळसा चांगल्या जागचा मिळाला तर सर्वांत परिचित पद्धत कार्बन-14 ची. हवेतल्या कार्बनच्या साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक अणू कार्बन-14 चा असतो. झाड जिवंत असेतो प्रकाशसंश्लेषणातून हे प्रमाण त्याच्यात टिकून राहतं. झाड मेलं की नवा पुरवठा थांबतो आणि जुना कार्बन-14 क्षय पावत जातो. 5,730 वर्षांत निम्मा, आणखी 5,730 वर्षांत चतुर्थांश. विलर्ड लिबी यांना या शोधासाठी 1960 मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईला ही मोजणी सुरू झाली आणि पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. नेवासे, इनामगाव अशा ताम्रपाषाण वसाहतींचा कालक्रम बसवताना या पद्धतीचा मोठा आधार झाला. पूर्वी मूठभर कोळसा जाळून त्याचा किरणोत्सर्ग मोजावा लागे. आता त्वरकाला जोडलेल्या वर्णपटमापीत थेट अणूच मोजतात, त्यामुळे तांदळाच्या दाण्याएवढा नमुनाही पुरतो.

पण या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. दहा अर्धायुष्यं, म्हणजे 57,300 वर्षं उलटली की मूळ कार्बन-14 चा 1,024 वा भाग उरतो. एवढ्याशा अंशावर बाहेरच्या किंचित कार्बननंही मात होते. कोळसा प्रत्यक्षात कितीही जुना असो, अगदी दोन लाख वर्षांचा असो. त्यात 1 टक्का आजचा कार्बन मुरला, एखाद्या मुळातून किंवा पाझरलेल्या पाण्यातून, की यंत्र त्याचं वय सुमारे 37,000 वर्षं सांगेल. यंत्र बरोबरच असतं. त्याच्यासमोर ठेवलेला नमुना मळलेला असतो. म्हणून कोळसा आधी आम्लात, मग अल्कलीत, पुन्हा आम्लात धुतात. आणि म्हणूनच 35 ते 45 हजारांच्या आसपासची जुनी तारीख पाहिली की जाणकार आधी विचारतात, धुण्याची पद्धत कोणती वापरली?

आणखी दोन गोष्टी. हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण सर्वकाळ सारखं नव्हतं. म्हणून मिळालेलं वय झाडांची वार्षिक वलयं, सरोवरातले गाळ, गुहांतले चुन्याचे स्तंभ यांच्या आधारे बनवलेल्या आलेखावर दुरुस्त करून घ्यावं लागतं. आज हा आलेख सुमारे 55,000 वर्षांपर्यंत मागे जातो. दुसरी गोष्ट शिंपल्यांची. गोदावरी-प्रवरेच्या गाळातल्या जुन्या तारखा बऱ्याचदा गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर घेतलेल्या आहेत. शिंपला आपलं कवच पाण्यातल्या कार्बनपासून बनवतो आणि त्या पाण्यात चुनखडीतला प्राचीन, कार्बन-14 संपलेला कार्बन विरघळलेला असू शकतो. मग काल मेलेला शिंपलाही शेकडो वर्षं जुना दिसतो. महाराष्ट्रातली एक तारीख मात्र मला फार मोलाची वाटते, ती जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याची. एस. ए. साळी यांच्या उत्खननात तिथे शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. त्यांतल्या एका तुकड्यावर माणसानं नक्षी कोरलेली आहे. कवचाची कार्बन तारीख सुमारे 25,000 वर्षांची आली. इथे माणसानं हाताळलेल्या आणि कोरलेल्या वस्तूच्याच प्रकारातली वस्तू मोजली गेली, त्यामुळे तारीख आणि माणूस यांच्यातलं अंतर जवळपास नाहीसं होतं.

पन्नास हजारांच्या पलीकडे जायचं तर कोळसा सोडून वाळूकडे वळावं लागतं. माझ्या मते मराठवाड्याच्या आदिमानवाचा काळ ठरवण्याची खरी लढाई याच पद्धतीवर होणार आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. हिला प्रकाश-उद्दीपित दीप्ती म्हणतात. मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा मंद किरणोत्सर्ग गाडल्या गेलेल्या वाळूच्या कणांवर सतत पडत राहतो आणि स्फटिकातल्या दोषांमध्ये इलेक्ट्रॉन अडकत जातात. कण म्हणजे थेंब थेंब भरत जाणारा रांजण. ऊन लागलं की रांजण रिकामा होतो, अंधारात गेला की पुन्हा भरायला लागतो. किती भरला आणि दर हजार वर्षांना किती भरतो, हे दोन आकडे मिळाले की भागाकारानं वय निघतं. अट एकच: गाडलं जाण्यापूर्वी कणानं पुरेसं ऊन पाहिलेलं असलं पाहिजे.

नमुना घेण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. दरडीचा पृष्ठभाग हातभर आत खरवडून काढतात. मग साधारण वीतभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी उघडा लोखंडी नळा दरडीच्या भिंतीला काटकोनात लावून घणानं आत ठोकतात. पलीकडच्या टोकाला आधीच काळ्या कापडाचा किंवा फोमचा बोळा घातलेला असतो, म्हणजे माती आत हलत नाही. नळा बाहेर काढताना वर काळी चादर धरतात आणि काढताक्षणी तोंडं काळ्या टेपनं बंद करतात. काही जण हे काम रात्रीच करतात. प्रयोगशाळेत नळा उघडतो तो मंद तांबड्या दिव्याखाली. दोन्ही टोकांची दोन-तीन सेंटिमीटर माती वेगळी काढतात, कारण तिनं उजेड पाहिलेला असतो. ती ओलावा आणि किरणोत्सर्ग मोजायला उपयोगी पडते. मधली माती आम्लात धुऊन चुना घालवतात, हायड्रोजन पेरॉक्साइडनं सेंद्रिय अंश घालवतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे कण चाळून घेतात, जड द्रवात क्वार्ट्झ वेगळं काढतात आणि हायड्रोफ्लोरिक आम्लानं त्याचा वरचा पापुद्रा खरवडतात. मग निळा प्रकाश टाकतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण अतिनील उजेड देतो. त्याच कणांना नंतर ठरावीक मात्रेचे किरण देऊन पुन्हा उजळवतात आणि मूळ उजेडाशी तुलना करतात. आपल्याकडे अहमदाबादच्या प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांच्या नेतृत्वाखाली हे शास्त्र रुजलं.

आता हीच पद्धत मांजरेच्या काठी आणून पाहू. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, लातूरमधून वाहते ती बेसाल्टवरून. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. जे थोडं मिळतं ते गारगोट्यांच्या चुऱ्यातून आलेलं, आणि त्याची दीप्ती बऱ्याचदा क्षीण असते. म्हणून लातूरच्या गाळात फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाकडे जावं लागतं. फेल्डस्पारचा दोष असा की त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन अंधारातही हळूहळू गळतात, आणि त्या गळतीची दुरुस्ती केली नाही तर वय कमी येतं. हीच मांजरा पुढे बिदर, तेलंगण असा वळसा घालून ग्रॅनाइटच्या मुलखातून परत नांदेडच्या हद्दीवर येते, कुंडलवाडीकडे गोदावरीला मिळते, तेव्हा तिची वाळू भरड, पिवळसर-तांबूस आणि क्वार्ट्झनं भरलेली असते. नदी एकच, पण लातूरला काळ मोजणं जिकिरीचं आणि बिलोलीला सोपं.

सोपं म्हटलं खरं, पण तिथे दुसरी अडचण येते. ग्रॅनाइटच्या वाळूत पोटॅशियम, युरेनियम, थोरियम जास्त असतं, म्हणून रांजण लवकर भरतो. समजा क्वार्ट्झचा कण 200 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या मात्रेला काठोकाठ भरतो. दर हजार वर्षांना 4 ग्रे मिळत असतील तर 50,000 वर्षांतच तो भरेल, आणि त्यापुढे लाख वर्षं गेली काय, दोन लाख गेली काय, उत्तर सारखंच येईल. बेसाल्टच्या गाळात दर हजार वर्षांना 1 ग्रे असेल तर तोच कण दोन लाख वर्षांपर्यंतचा हिशेब देऊ शकतो. म्हणजे लातूरच्या मातीत कण मिळवायला कष्ट, पण पल्ला लांबचा. नांदेडच्या पूर्व पट्ट्यात कण मुबलक, पण पल्ला आखूड. दोन्हीकडे काम करणाऱ्यानं हे आधी ओळखून पद्धत निवडली पाहिजे.

आणि शिळेखालच्या आश्रयात तर तिसरीच गोष्ट. तिथली वाळू सगळीच वाऱ्यानं किंवा पाण्यानं आलेली नसते. छताचा ग्रॅनाइट भुरभुरत खाली पडत असतो. तो कण खडकातून सुटला, सावलीत पडला आणि तिथेच गाडला गेला, म्हणजे त्यानं ऊन पाहिलंच नाही. असे भरलेले कण नमुन्यात मिसळले तर आश्रय आहे त्यापेक्षा कितीतरी जुना दिसेल. यावर उपाय म्हणून आता एकेक कण सुटा मोजतात. ऑस्ट्रेलियातल्या मदजेदबेबे या शैलाश्रयात झेनोबिया जेकब्ज यांनी हजारो सुट्या कणांची मोजणी केली आणि 2017 मध्ये तिथल्या माणसाच्या वावराला सुमारे 65,000 वर्षं झाल्याचं जाहीर झालं. वाळूचं ते वय बहुतेकांनी मानलं. हरकत आली ती दुसरीच: त्या सैल वाळूत हत्यारं वाळवीमुळे खाली सरकली तर नसतील? प्रश्न पुन्हा माती आणि माणूस यांच्या जोडणीवर येऊन थांबला.

तो बराचसा सुटतो तो भाजलेल्या दगडात. चुलीत पडलेली चकमक किंवा गारगोटी चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापली की तिच्यात साठलेली दीप्ती पुसली जाते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत तिला पुन्हा तापवून बाहेर पडणारा उजेड मोजतात, ही उष्णता-दीप्ती. इस्रायलमधल्या काफ्झे गुहेत अशाच भाजलेल्या चकमकींवरून आधुनिक मानवाचं वय सुमारे 92,000 वर्षं ठरलं आणि सगळा कालक्रम नव्यानं मांडावा लागला. मराठवाड्यात गारगोट्यांना तोटा नाही. तडकलेली, रंग उडालेली, अंगावर खळगे पडलेली गारगोटी चुलीच्या राखेत दिसली तर ती डझनभर सुबक पात्यांपेक्षा मोलाची, कारण विस्तव माणसानं पेटवलेला असण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त. वणवाही दगड तापवतो, त्यामुळे चूल ही चूलच होती हे दाखवावं लागतंच.

हाडांचं काय? लातूर परिसरात हरवाडी, गांजूर अशा गावांजवळ मांजरेच्या गाळात हत्ती, रानगुरं, पाणघोडे यांचे जीवाश्म मिळाले आहेत. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. लातूरजवळ पाणघोडा डुंबत होता, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन टिकत नाही, आणि कार्बन तारखेला तेच लागतं. म्हणून जुन्या हाडांसाठी फ्लोरिनची पद्धत वापरली गेली. जमिनीतल्या पाण्यातलं फ्लोरिन हाडात मुरत जातं, आणि फॉस्फेटशी त्याचं गुणोत्तर काढलं की एकाच ठिकाणची दोन हाडं बरोबरीची आहेत की एक नंतर वाहून आलं, ते कळतं. वर्षं सांगता येत नाहीत, पण भेसळ पकडता येते. दाताच्या कवचावर इलेक्ट्रॉन-फिरकी अनुनाद आणि युरेनियम या दोन्ही पद्धती एकत्र लावल्या तर वर्षांपर्यंतही पोचता येतं.

चित्रांविषयी थोडक्यात. लाल गेरूत कार्बन नसतो, म्हणून चित्रावर नंतर साचलेल्या चुन्याच्या पुटातलं युरेनियम-थोरियम मोजतात. चित्र त्या पुटाहून जुनं, एवढं नक्की. इंडोनेशियात सुलावेसीच्या एका गुहेतलं डुकराचं चित्र या रीतीनं निदान 51,200 वर्षांचं ठरलं. ही पद्धत चुनखडीच्या गुहांना धार्जिणी आहे. ग्रॅनाइटच्या आश्रयात असं पुट मिळणं नशिबाची गोष्ट.

ज्वालामुखीच्या राखेची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती महाराष्ट्रातच घडली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ राखेचा पांढरट थर आणि त्याच्या सान्निध्यात हातकुऱ्हाडी मिळाल्या. राखेवर पोटॅशियम-आर्गॉन पद्धत (पोटॅशियमपासून साचत गेलेला आर्गॉन मोजण्याची) लावली आणि 1989 मध्ये सुमारे 14 लाख वर्षं असं उत्तर प्रसिद्ध झालं. सगळीकडे खळबळ उडाली. पुढे आर्गॉनच्याच सुधारित पद्धतीनं सुमारे 6.7 लाख आलं. दुसऱ्या गटांनी राखेतल्या काचेचं रासायनिक पृथक्करण केलं आणि ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची राख असल्याचं म्हटलं. एका थराला तीन वयं, आणि त्यांत जवळपास वीस पटींचा फरक. राख नदीत पडते, वाहते, पुन्हा साचते. त्या प्रवासात भोवतालच्या 6.6 कोटी वर्षांच्या बेसाल्टचे मोजके कण जरी मिसळले तरी आर्गॉनचा आकडा फुगतो. शिवाय हत्यारं राखेच्या खाली होती, आत होती की पुरानं बाजूला आणून ठेवली, यावरही चर्चा झाली. आंध्रातल्या ज्वालापुरमला हेच काम नीट जुळून आलं. तिथे टोबाची राख जाड आणि स्वच्छ मिळाली, तिच्या खालच्या आणि वरच्या थरांची दीप्ती-मोजणी स्वतंत्रपणे झाली, आणि हत्यारं राखेच्या दोन्ही बाजूंना होती. जवळच्याच शैलाश्रयात सूक्ष्मास्त्रांची परंपरा सुमारे 35,000 वर्षं मागे गेली.

म्हणून एका पद्धतीचा एक आकडा हाती आला की थांबायचं नाही. कोळसा एका प्रयोगशाळेत, वाळू दुसऱ्या, खालचा थर, वरचा थर, मधला थर. आणि वय खाली जाताना वाढत गेलं पाहिजे, उलटसुलट होता कामा नये. वर्तमानपत्रात ‘लाख वर्षांपूर्वीचा मानव सापडला’ असं वाचलं की मी आधी आकड्यापुढचा अधिक-उणे शोधतो. 60,000 अधिक-उणे 5,000 याचा अर्थ असा की खरं वय 55 ते 65 हजारांच्या आत असण्याची शक्यता साधारण तीनात दोन. दुपटीनं पसरवून 50 ते 70 म्हटलं तर खात्री 95 टक्क्यांवर जाते. अधिक-उणे न छापता दिलेली तारीख मी तारीख मानत नाही. आणि कार्बन तारखेत ‘आजपासून मागे’ म्हणजे 1950 पासून मागे, हेही बातमीत सांगायला हवं.

मांजरा-गोदावरीच्या काठी हे सगळं करायला ज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत. पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या गाळात भूशास्त्र सर्वेक्षणाच्या विन यांना अकीकाची घडीव कपची मिळाली तीच 1860 च्या दशकात. म्हणजे इथला शोध भारतातल्या अगदी पहिल्या शोधांपैकी. कमी पडतो आहे तो वेळ. वाळूसाठी यंत्रं नदीपात्रात आणि दरडीत उतरली आहेत. वाळूच्या थराबरोबर त्याखालची भरड जाते, आणि भरडीत असलेली हाडं आणि हत्यारं जातात. ट्रॉलीतून बांधकामावर पडलेल्या वाळूत एखादं सुंदर पातं मिळालंच, तरी त्याची तारीख कोणतंच यंत्र काढू शकत नाही. त्याचा थर कोणता, हे आता कुणालाच ठाऊक नसतं.

ज्यांचं रान नदीकाठी आहे, जे विहीर खोदतात, देगलूर-मुखेडकडे ज्यांच्या बांधावर शिळांचे ढीग आहेत, त्यांच्या हातात यातलं बरंच काही आहे. दरडीत हाड किंवा घडीव दगड दिसला तर ओढून काढू नका, धुऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून जवळून एक आणि थर दिसतील असा लांबून एक फोटो घ्या. मोबाइलवर जागा नोंदवून ठेवा. मग तहसील कार्यालयामार्फत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. आणि शिळेखालची पोकळी गोठ्यासाठी साफ करायची असेल, तर तिथली माती उकिरड्यावर टाकण्याआधी कुणीतरी जाणकार येऊन पाहून जाईपर्यंत थांबा.